मेहताब नावाची कुणी नव्हती

दिगूमामाला इतिहासातलं काही कळत नव्हतं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणाचा गैरसमज व्हायला नको. देवगिरीचा तो काळोखी भुयारी रस्ता कशासाठी खोदला हे त्याला माहीत नव्हतं. वेरूळला बौद्ध लेणी कुठं संपतात आणि हिंदूंची कुठं सुरू होतात, हे माहीत नव्हतं. आणि मकबरा कुणी कुणासाठी बांधला हे तो आठवड्यातून दोनदा तरी चुकीचं सांगायचा, तेही दोन वेगवेगळ्या तऱ्हांनी. पण त्याच्याकडं आवाज होता, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट होता, आणि सरकारी कचेरीत बारा वर्षं कारकुनी केल्यामुळं आलेली एक पक्की खात्री होती, की समोरच्या माणसाला खरंखोटं तपासायला वेळ नसतो. एवढ्या भांडवलावर त्यानं नोकरी सोडली, चौदा सीटांची एक जुनी गाडी घेतली आणि तिच्या पाठीवर ‘एका दिवसात सारा इतिहास’ असं रंगवून घेतलं. सकाळी स्टेशनसमोरून निघायचं. दौलताबाद, खुलताबाद, वेरूळ, घृष्णेश्वर, परतीला पाणचक्की आणि मकबरा, आणि सगळ्यात शेवटी हिमरू शालींचं दुकान. सारा इतिहास त्या दुकानाच्या दारात येऊन संपायचा.

मी बिडकीनची. वडील पंचांग सांगायचे, लोकांचे अर्ज-विनंत्या लिहून द्यायचे आणि उरलेल्या वेळात स्वतःच्या तब्येतीची काळजी करायचे. गावात कॉलेज नव्हतं, म्हणून मला उस्मानपुऱ्यात मामाकडं ठेवलं. दोन खोल्या, मागं न्हाणी, पुढं एक अरुंद गॅलरी. त्या घराची माझ्या कानात राहिलेली खूण म्हणजे स्टोव्हचा आवाज. शांतामामी पहाटेच पंप मारायला लागायची आणि मग तो स्टोव्ह दोन तास फरफरत राहायचा. प्रवाशांना दुपारचं जेवण मामाच्या सहलीतच होतं, आणि ते मामी करायची. पुऱ्या, बटाट्याची सुकी भाजी, कैरीच्या लोणच्याची एक फोड, आणि बायका जास्त असल्या तर गोडाचा शिरा. वर्तमानपत्रात बांधलेल्या पुड्यांवर तेलाचे डाग उमटायचे. उरलेल्या भाजीत ज्वारीचं पीठ आणि लसूण-मिरची घालून मामी आमच्यासाठी धपाटे थापायची, आणि ते पुऱ्यांपेक्षा शंभरपट चांगले लागायचे. मी तसं म्हटलं की ती हसायची. “पावण्यांना धपाटं दिलं तर तुझ्या मामाची इज्जत जाईल,” म्हणायची.

त्या घरातली एक गोष्ट मला तेव्हा खटकली नाही याची आज लाज वाटते. मामी लग्न होऊन शहरात आली त्याला पंधरा वर्षं झाली होती. त्या पंधरा वर्षांत तिनं किल्ला पाहिलेला नव्हता, लेणी पाहिलेली नव्हती. शेकडो लोकांना ती जेवू घालून तिकडं पाठवत होती, स्वतः मात्र उस्मानपुऱ्याच्या भाजीबाजारापलीकडं क्वचितच गेली असेल. मामा म्हणायचा, “एखादी सीट रिकामी असली की नेतो.” कधी एखादी सीट रिकामी असलीच, तर तिच्यावर पुऱ्यांचं टोपलं ठेवलेलं असायचं.

मला मात्र सीट होती. ड्रायव्हरच्या पाठीमागं, उलट्या तोंडाची. बायका-पोरी प्रवासात असतात, सोबतीला एक मुलगी बरी दिसते, असं मामाचं म्हणणं. शिवाय मी स्पष्ट बोलायचे, वाचलेलं लक्षात ठेवायचे. रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी मी त्याच्याबरोबर जायला लागले. आमचे प्रवासी कसे होते हे सांगायचं तर माझ्या बोलण्यात सौजन्य उरणार नाही, पण या वयात ते आणू तरी कुठून? एवढ्या मोठ्या डोंगरातून कोरून काढलेलं कैलास समोर उभं असायचं आणि माणसं विचारायची, “हे बांधायला किती दिवस लागले?” मी उत्तराला तोंड उघडेपर्यंत दुसरा विचारायचा, “जेवण कुठं आहे?” एक हेडमास्तर आले होते, ते प्रत्येक ठिकाणी म्हणायचे की आमच्या गावाला याच्यापेक्षा मोठं आहे. एका गृहस्थांनी सतीस्तंभासारख्या दिसणाऱ्या दगडावर खिळ्यानं स्वतःचं आणि बायकोचं नाव कोरलं आणि मला हाक मारून दाखवलं, जणू मी शाबासकी देणार होते. एक बाई दौलताबादेपासून मकबऱ्यापर्यंत झोपली होती आणि उतरताना म्हणाली, “छान झालं हो सगळं.” परवा मी आमच्या ज्येष्ठ नागरिकांच्या मंडळाबरोबर कर्नाटकात गेले होते. तिथला गाईड बिचारा घसा कोरडा करून शिल्पांतले बारकावे सांगत होता, आणि मी त्याला मध्येच थांबवून बाथरूम कुठं आहे ते विचारलं. तेव्हा वरचं सगळं लिहायचा मला अधिकार आहे की नाही, कोण जाणे. तरी लिहिते.

गाडी चालवायला भानुदास होता. पैठणकडचा, शेतकऱ्याचा मुलगा, मोजकं बोलणारा. दौलताबाद सोडून खुलताबादकडं घाट चढताना आमची गाडी दरवेळी तापायची. घाटातल्या एका वळणावर कडुनिंबाचं मोठं झाड होतं. भानुदास तिथं गाडी लावायचा. “मामा, लई तापली. पंधरा मिन्टं तरी ऱ्हाऊ द्या,” म्हणायचा आणि बॉनेट उघडून लांब जाऊन बसायचा. झाडाच्या पलीकडं एक खोपटं होतं. तिथं हमीदाबी नावाची एक बाई टोपल्यांत पेरू आणि सीताफळं मांडून बसायची. पन्नाशीची असेल, तेव्हा मला म्हातारी वाटायची. ती गाडीसाठी पाणी द्यायची, आमचे प्रवासी तिच्याकडून फळं घ्यायचे. तिच्या खोपटामागं, झाडाच्या सावलीत, एक लहानशी कबर होती. चुना मारलेली, साधी, वर कधी हिरवं कापड, कधी नुसताच पाला.

त्या दिवशी गाडी जास्तच तापली होती. पंधरा मिनिटांची चाळीस मिनिटं झाली. प्रवासी कंटाळले, एकमेकांच्या पोरांवर ओरडायला लागले. त्यातल्या कुणीतरी नुसतं तोंड हलवायचं म्हणून विचारलं, “ही कुणाची हो कबर?” मामाच्या तोंडात पेरू होता. त्यानं माझ्याकडं बोट केलं. आणि मी, सतरा वर्षांची, कॉलेजात वक्तृत्वाचं बक्षीस मिळवलेली शहाणी मुलगी, बोलायला लागले.

ही मेहताबची कबर, मी म्हणाले. मेहताब किल्ल्यावरची नर्तकी. शत्रूनं वेढा घातला तेव्हा तिचा प्रियकर बाहेर, शत्रूच्या सैन्यात. ती रोज तटावर दिवा लावून त्याला खूण करायची. मग दोघंही पकडली गेली. किल्लेदारानं तिला सांगितलं, पहाटेपर्यंत नाच, थांबलीस तर तुझा प्रियकर मेला. ती नाचत राहिली, पायांतून रक्त आलं, आणि पहाटेच्या पहिल्या किरणाला कोसळली. प्रियकर तिला या झाडाखाली घेऊन आला. सगळं कुठं कुठं पाहिलेल्या सिनेमांतून आणि भाड्यानं आणलेल्या कादंबऱ्यांतून उचललेलं, एकही ओळ माझी नाही. आज ते लिहितानासुद्धा कानशिलं तापतात. पण तेव्हा गाडीतल्या बायकांनी डोळ्यांना पदर लावला. हेडमास्तरांच्या जातीचा एक जण म्हणाला, “काय जीव ओतून सांगते पोरगी.” आणि टाळ्या वाजल्या. बक्षिसाच्या वेळी वाजल्या त्याच्या तिप्पट.

मामा खूश. त्या दिवसापासून गाडी तापो न तापो, निंबाखाली थांबायचीच. मेहताब आमच्या कार्यक्रमात आली. मामानं तिला स्वतःच्या बुद्धीनं दागिने चढवले. घुंगरांचं वजन सांगितलं, किल्लेदाराला एक डोळा कमी केला. प्रवासी कबरीवर फुलं टाकायला लागले. आधी रानातली, मग खास आणलेली. पुढं पुढं येणारे लोक गाडीत बसतानाच विचारायचे, “ती नाचणारीची जागा दाखवता ना?” कैलासापेक्षा त्यांना तिचीच ओढ. आणि मी? कधी मी सांगायचे, कधी मामा. तो सांगत असला की मी बाजूला उभी राहून लोकांचे चेहरे बघायचे, डोळ्यांत पाणी कुठल्या वाक्याला येतं ते टिपून ठेवायचे. माझ्या त्या वयातल्या फोटोत मी बरी दिसते, असं लोक म्हणतात. मला तो फोटो बघवत नाही.

हमीदाबीला मराठी फारसं यायचं नाही. मामाचं ते नाटकी मराठी तर नाहीच. तिला एवढंच दिसत होतं, की शहरातली, लांबलांबची चांगल्या कपड्यांतली माणसं तिच्या खोपटामागं जातात, उभी राहून ऐकतात, डोळे पुसतात आणि फुलं वाहतात. ती कबर तिच्या मुलीची होती. हे आम्हाला माहीत नव्हतं, कारण आम्ही विचारलं नव्हतं. काही आठवड्यांनी तिनं कबरीला नवा चुना मारला. भोवतीचं गवत काढलं. आमच्या प्रवाशांच्या मुलांच्या हातात ती फुकट पेरू ठेवायला लागली. एकदा मी पाणी घ्यायला गेले तेव्हा तिनं मला जवळ बोलावलं.

“बेटी, तुम्हारे मामू क्या बोलते मेरी बच्ची के बारे में?”

बच्ची हा शब्द मी दोनदा मनात म्हणून बघितला. मग म्हणाले, “बोलते हैं, बहोत अच्छी लड़की थी.”

“हौ,” ती म्हणाली. “थी.” आणि माझ्या ओढणीच्या टोकात तिनं चार मोठी सीताफळं बांधून दिली.

ती सीताफळं मी घरी नेली. खाल्लीसुद्धा. मामाला सांगितलं, की मामा, ती कबर त्या बाईच्या मुलीची आहे, आता ते बंद करायला हवं. मामा दाढी करत होता. आरशातूनच माझ्याकडं बघत म्हणाला, “कुमे, तिला कळतंय का? नाही. तिला वाईट वाटतंय का? नाही, उलट बरंच वाटतंय. मग तुझं पोट का दुखतंय?” याचं उत्तर मला शोधायचंच नव्हतं, कारण टाळ्या मलाही हव्या होत्या. पुढचे दोन महिने मी गेले, उभी राहिले, सांगितलं. हमीदाबी लांबून हात वर करायची. मीही करायचे.

मग ती कुठल्याशा कचेरीतली मंडळी आली. दहा-बारा जण, सगळे पुरुष, सगळ्यांच्या खिशात पेन. किल्ल्यावरच्या तोफेवर बसून त्यांनी फोटो काढले, अंधाऱ्या वाटेत एकमेकांना भुताचे आवाज काढून दाखवले. निंबाखाली मामानं मेहताबची गोष्ट रंगात येऊन सांगितली. ती संपल्यावर त्यांतल्या एका जाडसर माणसानं गळ्यातला रुमाल सोडून कमरेला बांधला, एक हात डोक्यावर, एक कमरेवर घेतला, आणि कबरीसमोर ठुमकायला लागला. बाकीचे शिट्ट्या वाजवत होते. कॅमेरावाला म्हणाला, “अजून एक, अजून एक.” हमीदाबी पेरू घेऊन आली होती. त्या माणसाच्या हातातही तिनंच दिलेला पेरू होता, अर्धा खाल्लेला. त्यानं नाचता नाचता तिला विचारलं, “क्यों चाची, इस नाचनेवाली की रिश्तेदार हो क्या? तुम भी नाचती थी?”

हमीदाबीनं आधी त्याच्याकडं पाहिलं, मग मामाकडं. “किसको बोले तुम नाचनेवाली?”

“अरे चाची, पुरानी बात है,” मामा घाईघाईनं म्हणाला. “इतिहास है ये.”

“कायका इतिहास? सात साल हुए मेरी बच्ची को.”

कुणीतरी हसलं. सगळे हसले नाहीत, हे न्यायानं लिहायला हवं. हमीदाबी माझ्याकडं वळली. “बेटी, तुम बोली थी न, अच्छी लड़की बोलते करके?” मी गाडीच्या चाकाकडं बघत राहिले. शेकडो लोकांसमोर घडाघडा बोलणारी मी. तेव्हा हमीदाबी त्या जाड माणसाजवळ गेली, त्याच्या हातातला अर्धा पेरू तिनं काढून घेतला, आणि कबरीपाशी जाऊन आमच्याकडं पाठ करून बसली. डोक्यावरचा पदर तिनं दोन्ही हातांनी असा पसरून धरला, की आम्हाला कबर दिसू नये. भानुदासनं न सांगता गाडी सुरू केली. वेरूळच्या वाटेवर गाडी सोडून दुसऱ्या विषयावर तो पहिल्यांदाच मामाशी स्वतःहून बोलला. “हे लई वंगाळ झालं, मामा.” मामा म्हणाला, “तू रस्त्याकडं बघ.”

संध्याकाळी मी मामीला सगळं सांगितलं. ती दुसऱ्या दिवसाचे बटाटे निवडत होती. गोष्ट मी रचली हे तिला ठाऊक नव्हतं. मामानं ती कुठल्या जुन्या पुस्तकात असल्याचं सांगितलं होतं. माझं सांगून झाल्यावर तिनं बटाटे बाजूला सारले. मग म्हणाली, “बुधवारी गाडी दुरुस्तीला आहे. आपण जाऊ.” मी विचारलं, काही घेऊन जायचं का, पुऱ्या वगैरे. “नाही,” मामी म्हणाली. “हात हलवतच जायचं. आपण काही नेलं की तिला ते घ्यावं लागंल.”

आम्ही एसटीनं गेलो. मामी खिडकीशी बसली होती. पडेगाव गेलं, आणि मग किल्ला दिसायला लागला. मामीनं कपाळावर हात धरून वर पाहिलं. “एवढा उंच आहे व्हय गं हा?” ती म्हणाली. मान वळवून वळवून बघत राहिली, तो दिसायचा बंद होईपर्यंत.

हमीदाबीनं आम्हाला बसा म्हटलं नाही. फळं पुढं केली नाहीत. मामी माझ्यामागं उभी राहिली आणि तिनं माझ्या पाठीला फक्त बोट लावलं. मी मोडक्यातोडक्या हिंदीत सगळं सांगितलं. मेहताब कुणी नाही, मी बनवली. मामांनी नाही, मी. आणि तुम्ही विचारलं तेव्हाही खोटं बोलले. हमीदाबी सीताफळं उलटी-सुलटी करून बघत होती. मी थांबले तेव्हा तिनं विचारलं, “नाम मालूम तुमको? मेरी बच्ची का?”

मला माहीत नव्हतं. कितीतरी महिने मी त्या कबरीशेजारी उभी राहून एका मुलीचं रूप, तिचा आवाज, तिच्या पायांतलं रक्त यांचं वर्णन करत होते.

“शकीला,” ती म्हणाली. “सातवी तक पढ़ी थी. सड़क के सारे बोर्डां पढ़ के बताती थी मुझे. बंदर से डरती थी बहोत.” मग म्हणाली, “बुखार चढ़ा. पाँच दिन उतरा नै. उसके अब्बा और मैं गोद में लेके सड़क पे खड़े रहे. सुब्बू से. किला देखनेवालों की गाड्यां जाते थे. भरे-भरे. कोई नै रुका.”

मामीनं तोंडाला पदर लावला. मी माफी मागायला वाकले तर हमीदाबीनं हात आडवा केला. “मेरे कू नक्को बोलो. उनको बोलो. जिनको वो सब बोले, उनको.”

“ते लोक तर गेले आपापल्या गावांना,” मी म्हणाले, आणि मग तेच हिंदीत सांगितलं.

“तो जो आएंगे, उनको बोलो.”

रविवारी मी गेले. मामाला वाटलं, मुलगी ताळ्यावर आली. निंबाखाली गाडी थांबली. हमीदाबी आपल्या जागेवर होती, उठली नाही. मामानं घसा खाकरून सुरुवात करायच्या आत मी म्हणाले, “ही कबर शकीला नावाच्या मुलीची आहे. ती या समोर बसलेल्या बाईंची मुलगी. ताप येऊन वारली. इथून जाणाऱ्या एकाही गाडीनं तिला दवाखान्यात नेलं नाही. नर्तकीची गोष्ट खोटी आहे.”

मला क्षणभर वाटलं, आता कुणीतरी उतरून जाईल, त्या बाईशी दोन शब्द बोलेल. मला खरंच तसं वाटलं होतं. मग मागच्या सीटवरून एक गृहस्थ म्हणाले, “मग मेहताबची कुठाय?”

“मेहताब नावाची कुणी नव्हती. मी रचली.”

“असं कसं? आमच्या मेव्हण्यानं खास सांगितलंय बघून या म्हणून.”

एक बाई मामाला म्हणाली, “अहो, सुट्टीच्या दिवशी पोराबाळांना घेऊन आलोय आम्ही. हे तापाचं, मरणाचं काय सांगत बसलेत?” दुसरीनं मुलाचं डोकं छातीशी धरलं, जणू मी त्याला मारणार होते. मामा हसून म्हणाला, “पोरीची थट्टा हो. नाटकात काम करते ती.” आणि मला, तेच हसू तसंच ठेवून, दातांतल्या दातांत म्हणाला, “उतर.”

मी उतरले. गाडी गेली. भानुदासनं आरशातून बघितलं, पण थांबला नाही. त्याला नोकरी होती. मी रस्त्याच्या कडेला दगडावर बसले. हमीदाबी गिऱ्हाइकांना पेरू देत होती, माझ्याकडं बघतही नव्हती. तासाभरानं तिनं जर्मनच्या पेल्यातून पाणी आणून माझ्याजवळ ठेवलं आणि परत जाऊन बसली. तिसऱ्या प्रहरी एसटी आली तेव्हा तिनंच हात करून ती थांबवली.

मामा माझ्याशी त्यानंतर दोन वर्षं बोलला नाही. मला बिडकीनला पाठवायचं ठरलं होतं, वडिलांना तसं पत्रही गेलं होतं. पण मामीनं मध्ये पडून सांगितलं, कुमुदची परीक्षा इथंच होईल. मामानं आवाज चढवला. तेव्हा मामीनं स्टोव्हची चावी फिरवली, तो फरफर आवाज एकदम बंद झाला, आणि ती म्हणाली, “ती गेली तर उद्यापासून पुऱ्या विकत आणा.” एवढंच. तिच्या तोंडून नवऱ्याला उद्देशून मी ऐकलेलं हे सर्वांत लांब भाषण. मी राहिले. परीक्षा दिली, पुढं टपाल खात्यात लागले आणि पस्तीस वर्षं लोकांची पत्रं बरोबर पत्त्यावर पोचवायचं काम केलं.

मामानं मात्र हार खाल्ली नाही. तो निंबाखाली थांबायचा बंद झाला. हमीदाबीच्या भावांनी त्याला काय सांगितलं होतं ते भानुदासकडून कळलं, ते मी इथं लिहीत नाही. पण मेहताबला त्यानं सोडलं नाही. घाटात वर, पुढच्या वळणावर एक पडका चौथरा होता. जुन्या चौकीचा असेल, नाहीतर कुणाच्या गोठ्याचा. त्यानं गोष्ट उचलली आणि त्या चौथऱ्याला नेऊन चिकटवली. एकाही प्रवाशानं कधी विचारलं नाही, की कबर इतकी चौकोनी कशी. मामी पुढं एकटीच एसटीनं किल्ल्यावर गेली, वरपर्यंत चढली, आणि आल्यावर पाय शेकत बसली. “तिथं बघण्यासारखं लई आहे गं,” मला म्हणाली. “तुझा मामा काहीच सांगत नव्हता त्यातलं.”

ती दोघंही आता नाहीत. गेल्या हिवाळ्यात माझ्या भाचीच्या सासरचे पाहुणे आले, त्यांच्यासाठी गाडी केली, गाईडही केला. पंचविशीचा मुलगा, कमरेला स्पीकर, गालापाशी माईक. घाटात त्यानं चौथऱ्यापाशी गाडी थांबवली. चौथऱ्याला आता लोखंडी कठडा आहे. कठड्याला लाल-पिवळे दोरे बांधलेत, आणि जोडपी तिथं फोटो काढत होती. मुलगा सांगायला लागला. घुंगरांचं वजन मामाच्या वेळेपेक्षा वाढलेलं होतं. किल्लेदाराला आता दोन्ही डोळे नव्हते. शिवाय एक शाप होता, तो नवीन. मी ऐकून घेतलं आणि त्याला म्हणाले, “बाळा, ही गोष्ट मी रचली आहे. सतरा वर्षांची असताना. इथं कुणीही नाही.”

त्यानं माईक बाजूला केला, माझ्या हाताला धरलं आणि फार मायेनं म्हणाला, “आजी, बसता का जरा? ऊन लागलं असंल.” पाहुण्यांनी एकमेकांकडं पाहिलं. भाचीनं पाण्याची बाटली पुढं केली.

मी बाटली घेतली नाही. काठी घेऊन उताराला लागले, मागच्या वळणाकडं. रस्ता रुंद करताना निंब तोडलाय, खोपटं गेलंय, पण आतल्या बाजूला कबरी आहेत. एकीच्या दोन झाल्यात. दोन्हींना ताजा चुना होता. कुणीतरी करत असणार, नातू-पणतू कुणी. दोन्हींच्या डोक्याशी दगडांवर नावं लिहिलीत, उर्दूत आणि खाली मराठीत. मी उभी होते तेवढ्यात तो मुलगा धापा टाकत आला. गाडी थांबली होती, वेरूळला उशीर होत होता.

“आजी, चला ना. ही कुणाची आहे?”

“शकीलाची,” मी म्हणाले. “आणि ही तिच्या आईची. मुलगी तापानं गेली. दवाखान्यात न्यायला गाडी मिळाली नाही.”

त्यानं मान वाकडी करून दोन्हींकडं नीट पाहिलं. वाईट मुलगा नव्हता तो. त्याला खरोखरच समजून घ्यायचं होतं.

“पण आजी,” तो म्हणाला, “यात लोकांना सांगण्यासारखं काय आहे?”

“काही नाही,” मी म्हणाले. “तू हो पुढं. मी येते.”